प्रश्न विचारायचा कसा? इंग्रजीतून!

विज्ञानाच्या मासिकात इंग्रजी व्याकरणाचा पाठ कशाला, असे तुम्हांला वाटणे साहजिक आहे. आणि तोही पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने लिहिलेला! त्याचे कारण आधी सांगतो.

दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेली मुले-मुली अकरावीला विज्ञान शाखेत येतात. तेथे पुस्तक इंग्रजी, फळ्यावरचे लिखाण इंग्रजी आणि पुष्कळदा शिकवणेही इंग्रजी. तास संपत आला की प्राध्यापक विचारतात, "एनी डाउट्स?" वर्गात शांतता. शंका नसतात असे नव्हे. शंका असते, मराठीत ती मनात तयारही असते; पण इंग्रजीत 'इज' आधी घालायचे की नंतर, 'डू' म्हणायचे की 'डिड', ह्या विचारात घंटा होते. शंका तशीच वहीत मिटून घरी जाते. पुढचा पाठ तिच्यावरच उभा असतो, त्यामुळे तोही कळत नाही. एका लहानशा शब्दाच्या जागेपायी एक धडा हातचा जातो. म्हणून हा लेख.

घाबरू नका. इंग्रजी प्रश्नांचे नियम मोजकेच आहेत आणि ते विज्ञानातल्या नियमांसारखेच पद्धतशीर आहेत. आपण ते निरीक्षणाने शोधून काढू या.

जागेला महत्त्व का?

'मांजराने उंदराला पकडले' हे वाक्य उलटसुलट करून पाहा. 'उंदराला मांजराने पकडले', 'पकडले उंदराला मांजराने'. अर्थ तोच. पकडणारा कोण हे 'ने' सांगतो आणि सापडलेला कोण हे 'ला' सांगतो. शब्द कोठेही बसला तरी त्याची ओळख त्याच्या प्रत्ययावरून पटते.

इंग्रजीत 'द कॅट कॉट द रॅट' म्हणा आणि मग 'द रॅट कॉट द कॅट' म्हणा. उंदीर एकदम शूरवीर झाला! इंग्रजी नामांना असे प्रत्यय नाहीत. कर्ता कोण हे तो कोणत्या जागेवर बसला आहे यावरूनच ठरते. जेथे जागेला इतके महत्त्व, तेथे जागा बदलणे ही एक मोठी खूण ठरते. इंग्रजीने ती खूण प्रश्नासाठी राखून ठेवली आहे.

मराठीला त्याची गरज पडत नाही. 'राजू घरी आहे' ह्या वाक्यापुढे 'का' लावले की प्रश्न झाला. 'कोठे' विचारायचे असेल तर 'घरी' ह्या शब्दाच्या जागीच 'कोठे' बसवायचे : 'राजू कोठे आहे?' बाकी वाक्य जागचे हलत नाही. हीच सवय घेऊन आपण इंग्रजीत जातो आणि 'व्हेअर राजू इज?' असे म्हणून बसतो.

पहिला नियम : अदलाबदल

'मे आय कम इन, सर?' हे वाक्य तुम्ही प्राथमिक शाळेपासून म्हणत आला आहात. साधे विधान कसे झाले असते? 'आय मे कम इन.' प्रश्नात 'मे' उडी मारून 'आय'च्या आधी आला. 'व्हॉट इज युअर नेम?' ह्यातही 'इज' हा 'युअर नेम'च्या आधी आहे. म्हणजे नियम तुम्हांला पाठ आहे. फक्त तो नियम आहे हे माहीत नव्हते.

अशी उडी मारू शकणारे शब्द थोडे आहेत. त्यांना सहायक क्रियापदे म्हणतात. ही त्यांची यादी :

ॲम, इज, आर, वॉज, वेअर;
हॅव, हॅज, हॅड;
डू, डज, डिड;
कॅन, कुड, विल, वुड, शॅल, शुड, मे, माइट, मस्ट.

मोजून पाहा, वीस झाले. आणखी दोन-चार क्वचित भेटतात, पण रोजच्या व्यवहाराला हे वीस पुरतात. मूलद्रव्यांच्या पहिल्या वीस संज्ञा तुम्ही पाठ केल्या आहेत. तशीच ही यादी पाठ करा.

नियम असा : विधानातील सहायक क्रियापद उचलावे आणि कर्त्याच्या आधी ठेवावे. 'यू आर रेडी' याचे 'आर यू रेडी?' 'शी कॅन स्विम' याचे 'कॅन शी स्विम?'

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. कर्ता लांबलचक असला तरी उडी त्या सगळ्यावरून मारायची. 'द रीडिंग ऑफ धिस थर्मामीटर इज राँग' ह्यात कर्ता एकटा 'थर्मामीटर' नाही. 'द रीडिंग ऑफ धिस थर्मामीटर' एवढा सगळा कर्ता आहे. म्हणून 'इज द रीडिंग ऑफ धिस थर्मामीटर राँग?' दुसरी गोष्ट, क्रियापदांची आगगाडी असेल तर फक्त इंजिन हलते, डबे नाहीत. 'द ट्रेन हॅज बीन रनिंग लेट' याचा प्रश्न 'हॅज द ट्रेन बीन रनिंग लेट?' 'बीन' आपल्या यादीत नाही, तो जागीच राहतो.

'कोठे, केव्हा, का' असे प्रश्न असतील तर आणखी एकच काम करायचे : प्रश्नार्थक शब्द सर्वांत पुढे न्यायचा. म्हणजे कामे दोन झाली. प्रश्नशब्द पुढे आणि त्याच्या लगेच मागे सहायक. 'व्हेअर इज राजू?' आपल्याकडच्या निम्म्याअधिक चुकांचे मूळ एवढेच असते, की पहिले काम करून दुसरे राहून जाते. 'व्हाय यू आर लेट?' ह्यात 'व्हाय' पुढे आला, पण अदलाबदल राहिली. 'व्हाय आर यू लेट?' असे हवे.

दुसरा नियम : शिक्क्याची अक्षय्यता

आता 'ही लिव्हज इन सातारा' हे वाक्य घ्या. वीस शब्दांपैकी एकही येथे नाही. मग उडी कोण मारणार? अशा वेळी इंग्रजी भाषा 'डू' ह्या शब्दाला कामावर बोलावते. त्याला स्वतःचा अर्थ काही नाही. तो केवळ उडी मारण्यासाठी आलेला असतो.

पण तो येताच एक गंमत घडते. 'लिव्हज' ह्या शब्दाच्या शेवटी जो 'ज' आहे तो एक शिक्का आहे. वर्तमान काळ आणि कर्ता तृतीय पुरुषी एकवचनी, असे तो सांगतो. 'डू' आला की हा शिक्का 'लिव्ह'वरून निघून 'डू'वर बसतो. 'डू'चे 'डज' होते आणि 'लिव्ह' कोरा राहतो : 'डज ही लिव्ह इन सातारा?'

भूतकाळातही तेच. 'शी वेन्ट टू द लॅब.' 'वेन्ट' म्हणजे 'गो' अधिक भूतकाळाचा शिक्का. शिक्का 'डू'कडे गेला, त्याचे 'डिड' झाले, मागे 'गो' उरला : 'डिड शी गो टू द लॅब?'

ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम तुम्ही शिकला आहात. ऊर्जा नष्ट होत नाही, नव्याने निर्माणही होत नाही. तिचे रूप तेवढे बदलते. काळाच्या शिक्क्याचेही तसेच समजा. विधानात शिक्का एक, तर प्रश्नातही एकच. 'डिड शी वेन्ट?' ह्यात शिक्के दोन झाले, म्हणजे एक फुकट निर्माण केला. 'डू ही लिव्ह?' ह्यात एक शिक्का हरवला. दोन्ही अशुद्ध. प्रश्न तयार झाला की शिक्के मोजा. एकच भरला तर गणित बरोबर आहे.

हा 'डू' इंग्रजीत पहिल्यापासून नव्हता. सहाशे वर्षांपूर्वी इंग्रज लोक साधारणतः मुख्य क्रियापदालाच उडी मारायला लावीत. 'नो यू द वे?' अशा धाटणीने विचारीत. जर्मन भाषेत आजही तसेच करतात. पुढे हळूहळू 'डू' शिरला. शेक्सपिअरच्या काळात, म्हणजे १६०० च्या सुमारास, दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी नांदत होत्या. १७०० पर्यंत प्रश्नांत 'डू' बऱ्यापैकी स्थिर झाला होता. अल्वार एलेगोर्ड ह्या स्वीडिश अभ्यासकाने जुन्या इंग्रजी गद्यातील वाक्ये चक्क मोजून ह्या बदलाचा आलेख काढला आणि १९५३ साली तो प्रसिद्ध केला. भाषेचाही आलेख काढता येतो, हे तुम्हां विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना आवडेल.

'कोण' आणि 'काय' : कारण आणि परिणाम

एक ठिकाण असे आहे की जेथे 'डू' लागत नाही. 'रवी ब्रोक द बीकर.' आता बीकर कोणी फोडले हे ठाऊक नाही. 'रवी' ह्या कर्त्याच्याच खुर्चीवर 'हू' बसवा : 'हू ब्रोक द बीकर?' संपले. कर्ता स्वतःच प्रश्नशब्द आहे आणि तो आधीपासून पुढेच आहे. उडी मारायला कोणावरून मारणार? म्हणून 'व्हॉट हॅपन्ड?' हे बरोबर, 'व्हॉट डिड हॅपन?' हे चूक.

ह्यावरून फार महत्त्वाचा भेद निघतो. 'हू कॉल्ड रवी?' म्हणजे रवीला कोणी बोलावले? 'हू डिड रवी कॉल?' म्हणजे रवीने कोणाला बोलावले? मराठीत जे काम 'ने' आणि 'ला' करतात, तेच काम येथे 'डिड' करतो.

विज्ञानात तर ह्याने कारणाचा परिणाम होतो. 'व्हॉट कॉजेस धिस?' म्हणजे हे कशामुळे घडते? 'व्हॉट डज धिस कॉज?' म्हणजे ह्यामुळे काय घडते? पहिल्यात तुम्ही कारण विचारता, दुसऱ्यात परिणाम. प्रश्नपत्रिकेत असा प्रश्न आला आणि तुम्ही 'डज'कडे दुर्लक्ष केले, तर सगळे माहीत असूनही उत्तर नेमके उलटे लिहाल.

एक 'किती', अनेक रूपे

मराठीतला 'किती' सगळीकडे चालतो. इंग्रजीत मोजण्याची पद्धत पाहून शब्द बदलावा लागतो. एक, दोन, तीन असे सुटे मोजता येत असेल तर 'हाऊ मेनी' : हाऊ मेनी स्टुडंट्स, हाऊ मेनी मॅग्नेट्स. सुटे मोजता येत नाही, मापावे लागते, तर 'हाऊ मच' : हाऊ मच वॉटर, हाऊ मच हीट. अंतर विचारताना 'हाऊ फार', लांबी किंवा कालावधी विचारताना 'हाऊ लाँग', वारंवारता विचारताना 'हाऊ ऑफन', वय विचारताना 'हाऊ ओल्ड'.

पण एखाद्या राशीचे नाव घेऊन तिचे मूल्य विचारायचे असेल तर 'व्हॉट' वापरतात. 'तापमान किती?' याचे 'हाऊ मच इज द टेम्परेचर?' असे भाषांतर आपल्याकडे सर्रास ऐकू येते. 'व्हॉट इज द टेम्परेचर?' असे विचारावे. वस्तुमान, वेग, दाब यांनाही हेच लागू.

आणि आपला 'कितवा'? ह्या बाबतीत मराठी श्रीमंत आहे. 'डॉ. राधाकृष्णन हे भारताचे कितवे राष्ट्रपती?' ह्यातील 'कितवे'ला रोजच्या इंग्रजीत एका शब्दाचा सरळ पर्याय नाही. तेव्हा शब्द शोधत बसू नका, वाट बदला. 'हाऊ मेनी प्रेसिडेंट्स केम बिफोर डॉ. राधाकृष्णन?' असे विचारा. उत्तर 'एक', त्यात एक मिळवला की दुसरे. 'तू कितवीत आहेस?' याला 'व्हिच स्टँडर्ड आर यू इन?' आणि 'तुझा कितवा नंबर आला?' याला 'व्हॉट वॉज युअर रँक?' एवढ्यावर रोजचे बहुतेक काम भागते. शब्दाला शब्द न मिळाला तरी अर्थाला वाट मिळते, हे लक्षात ठेवा.

प्रश्नाच्या पोटात प्रश्न

१९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन युरोपातून बोटीने परत येत होते. भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग त्यांनी पाहिला. समुद्राचा निळेपणा म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, असे लॉर्ड रॅले यांचे मत होते. रामन यांनी पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश निकोल लोलकाने अडवून पाहिले, तरी निळाई कायम! म्हणजे ती केवळ प्रतिबिंबाची नव्हती, पाण्यातूनच येत होती. प्रकाशाच्या विकिरणाचा हा अभ्यास पुढे चालू राहिला, २८ फेब्रुवारी १९२८ रोजी 'रामन परिणाम' सापडला आणि १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यांच्या मनातला प्रश्न इंग्रजीत असा : 'व्हाय इज द सी ब्लू?' आता 'व्हाय द सी इज ब्लू' हे चूक का? प्रश्न म्हणून चूक. पण दुसऱ्या वाक्याच्या पोटात ते अगदी बरोबर आहे : 'रामन एक्सप्लेन्ड व्हाय द सी इज ब्लू.' येथे कोणी काही विचारत नाही, सांगत आहे. म्हणून अदलाबदल नाही.

हाच नियम वाट विचारताना लागतो. 'कॅन यू टेल मी व्हेअर द लायब्ररी इज?' खरा प्रश्न 'कॅन यू' हा आहे आणि त्याची अदलाबदल झालेली आहे. आतल्या वाक्यात ती पुन्हा करायची नाही. 'कॅन यू टेल मी व्हेअर इज द लायब्ररी?' हे पुष्कळ जण बोलतात, पण व्याकरणात बसत नाही. आतल्या वाक्यात 'डू'चीही गरज नाही, म्हणून शिक्का पुन्हा स्वतःच्या घरी जातो : 'डू यू नो व्हेअर ही लिव्हज?'

'यस' की 'नो'? येथे सावध!

आतापर्यंतच्या चुकांनी फार तर कोणी हसेल. ही चूक मात्र महागात पडू शकते.

समजा, तुम्ही प्रयोगशाळेत आहात. विद्युत मंडलाला हात लावण्यापूर्वी शिक्षक विचारतात, 'हॅव्हन्ट यू स्विच्ड ऑफ द करंट?' तुम्ही प्रवाह बंद केलेला नाही. तुमच्या मनात मराठी उत्तर येते, 'हो, नाही केला.' आणि तोंडून निघते, 'यस.' शिक्षकांच्या कानी त्याचा अर्थ पडतो, 'यस, आय हॅव', म्हणजे बंद केला आहे! ते तारेला हात लावतात.

असे का व्हावे? मराठीतला 'हो' बरेचदा विचारणाऱ्याच्या बोलण्याला दुजोरा देतो : तुम्ही म्हणता ते खरे, मी बंद केला नाही. इंग्रजीतला 'यस' विचारणाऱ्याकडे पाहत नाही, वस्तुस्थितीकडे पाहतो. काम झाले असेल तर 'यस', झाले नसेल तर 'नो'. प्रश्न होकारार्थी असो वा नकारार्थी. म्हणून वरील प्रश्नाचे खरे उत्तर 'नो, आय हॅव्हन्ट.' आणि सुरक्षिततेचा प्रश्न असेल तेथे नुसत्या 'यस-नो'वर कधीच थांबू नका. 'द करंट इज स्टिल ऑन' असे पूर्ण वाक्य बोला.

'नाही का?'

'आज उकडतंय, नाही का?' 'तू त्याला ओळखतोस, नाही का?' मराठीत शेपूट एकच. इंग्रजीत शेपूट वाक्याप्रमाणे बदलते आणि तेथेही आपले वीस शब्दच कामाला येतात. 'इट इज हॉट, इजन्ट इट?' 'यू नो हिम, डोन्ट यू?' 'शी कान्ट स्विम, कॅन शी?' वाक्य अधिक चिन्हाचे तर शेपूट उणे. वाक्य उणे तर शेपूट अधिक. प्रत्येक वाक्याला 'इजन्ट इट' चिकटवण्याची आपल्याकडची सवय बोलण्यात खपून जाते, उत्तरपत्रिकेत खपत नाही.

सुरुवात कशी कराल?

पोहणे पुस्तकातून येत नाही, तसेच हेही. रोज एक शंका मराठीत लिहा आणि वरील नियमांनी तिचा इंग्रजी प्रश्न करा. वर्गासाठी हे तीन प्रश्न आजच तोंडपाठ करून ठेवा : 'कुड यू एक्सप्लेन इट अगेन, सर?' 'व्हॉट डज धिस सिम्बॉल मीन?' 'व्हाय डिड यू डिव्हाइड बाय टू?' शेवटच्यातला 'डिव्हाइड बाय टू' बदलून हवे ते घाला.

आणि एखादे दिवशी वाक्य जुळलेच नाही तर? मोडक्या इंग्रजीत विचारा, मराठीत विचारा, पण विचारा. शिक्षक तुमच्या 'इज'ची जागा समजून घेतील. न विचारलेली शंका मात्र त्यांना दिसणार नाही.

स्वाध्याय

पुढील प्रश्न दुरुस्त करा. उत्तरे खाली दिली आहेत. आधी पाहू नका!

१. व्हाय यू आर लाफिंग?
२. डिड ही पास्ड?
३. व्हॉट धिस वर्ड मीन्स?
४. हू डिड डिस्कव्हर द इलेक्ट्रॉन?
५. डू यू नो व्हेअर इज द पोस्ट ऑफिस?
६. हाऊ मच बुक्स डू यू हॅव?

उत्तरे

१. व्हाय आर यू लाफिंग? (अदलाबदल राहिली होती.)
२. डिड ही पास? (शिक्के दोन झाले होते.)
३. व्हॉट डज धिस वर्ड मीन? ('डू'ला बोलावले, शिक्का त्याच्याकडे गेला.)
४. हू डिस्कव्हर्ड द इलेक्ट्रॉन? ('हू' स्वतःच कर्ता आहे. आणि उत्तर : जे. जे. टॉमसन, १८९७.)
५. डू यू नो व्हेअर द पोस्ट ऑफिस इज? (पोटातल्या प्रश्नात अदलाबदल नाही.)
६. हाऊ मेनी बुक्स डू यू हॅव? (पुस्तके सुटी मोजता येतात. येथे 'हॅव' हे मुख्य क्रियापद आहे, म्हणून 'डू' आला.)